पंचविशीतले सहा तास

म्हातारी माणसं एका रात्रीत तरुण होतात आणि मग धमाल उडते, अशा विनोदी गोष्टींची मला लहानपणापासून भीती वाटते. कुणाला सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून सांगितलं नाही. मी सातवीत असताना आमच्या आळीतल्या गणपतीत पांढरा पडदा बांधून असा एक सिनेमा दाखवला होता. टक्कल पडलेला एक शेठ सकाळी उठतो तर डोक्यावर काळेभोर केस. तो आरशापुढे नाचतो, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या गाळत खाली येतो आणि स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या बायकोकडे न बघताच घराबाहेर पडतो. सगळी आळी पोट धरून हसत होती. मी त्या बायकोकडे बघत होतो. तिचं पुढे काय झालं ते सिनेमात नव्हतंच. घरी येताना मी आईला विचारलं, तर ती म्हणाली, "अरे, गंमत असते ती."

त्यामुळे साठाव्या वर्षी मी स्वतःच अशा एका नाटकात काम करायला उभा राहिलो, तो निव्वळ बायकोच्या हट्टामुळे.

आम्ही बडोद्याचे. माझे पूर्वज संस्थानाच्या फौजेत घोड्यावर होते. मी मात्र तेहेतीस वर्षं गावाबाहेरच्या एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नमुने तपासले. बायकोचं घराणं पढिकांचं. तिचे आजोबा संस्थानाच्या नोकरीत पोथ्या जमवायचे, वाचायचे, त्यांच्या याद्या करायचे. लग्न झाल्यापासून आम्ही कारेलीबागेतल्या एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. एकच मुलगी, ती नोकरीसाठी बंगळुरात. बायकोनं सव्वीस वर्षं मराठी शाळेत संस्कृत शिकवलं. मुलं कमी होत होत शाळाच बंद पडली, तेव्हा तीही घरी बसली. मी निवृत्त झालेलो होतोच. दिवसभर एकमेकांची तोंडं बघण्यापेक्षा काहीतरी करू या, असं तिच्या डोक्यात होतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळात दर हिवाळ्यात एक नाटक होतं. लिहिणारे आणि बसवणारे एकच, मराठीचे एक निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना सर म्हणतात. त्या वर्षीच्या नाटकात साठीचं एक जोडपं कुठल्याशा वैद्याचा काढा पिऊन झोपतं आणि पंचविशीचं होऊन उठतं. नवरा खुशीत बॅट घेऊन मैदानावर जातो. बायको मात्र खुर्ची ओढून बसते आणि म्हणते, "थांबा. आता सगळं पहिल्यापासून ठरवू." शेवटच्या प्रवेशात नवरा तिला पुन्हा मागणी घालतो, आणि ती म्हणते, "विचार करून सांगते." इथे हशा येणार असं सरांनी वहीत लिहूनच ठेवलं होतं.

तालमीत या वाक्याआधी ती थोडं थांबायची. कधी दोन सेकंद, कधी चार. सर म्हणायचे, "वहिनी, ही जागा फार छान घेता तुम्ही." मला मात्र तेवढ्यात तळहाताला घाम यायचा. का यायचा ते मला माहीत होतं, आणि माझ्याशिवाय जगात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं.

जानेवारीतला रविवार होता. सकाळी अकराच्या सुमाराला मंडळाच्या हॉलमध्ये तालीम चालू होती. आम्ही दोघं, सर, आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांवर इतर पाच-सहा जण. जागे होण्याचा प्रवेश घ्यायचा होता, पण लाकडी पलंग फार पुढे आला होता. "धर गं जरा," मी म्हणालो. तिनं पायथ्याकडून धरला, मी उशाकडून. एक, दोन, तीन म्हणून आम्ही तो उचलून मागे नेला. ती सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि हॉलभर नजर फिरवली.

"अहो, आपण इथे कशाला आलोय?"

नाटकातलं तिचं पहिलं वाक्य जवळजवळ असंच होतं. सरांनी टाळी वाजवली. "वा! अगदी अस्संच पाहिजे!"

मी माझं वाक्य टाकलं. "अगं, जरा आरशात तर बघ."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "तुमचे केस असे पांढरे कसे झाले?"

खुर्च्यांवरचे सगळे खो खो हसले. सर हसत हसत म्हणाले, "वहिनी, उलटं झालं! पांढऱ्याचे काळे व्हायचेत!"

ती हसली नाही. तिनं येऊन माझी बाही धरली. तिची बोटं गार होती. एवढ्या वर्षांत मी तिला शाळेच्या स्नेहसंमेलनात, मंडळात, घरी पाहुण्यांची नक्कल करताना पाहिलं होतं. ती इतकी चांगली नटी नव्हती.

"काय झालं मला?" ती म्हणाली. "ही कुठली जागा?"

कारखान्यात प्रथमोपचाराचं शिक्षण व्हायचं, त्यातलं आठवून मी तिला दोन्ही हात वर करायला लावले. तिनं केले. हसायला सांगितलं. तोंड वाकडं झालं नाही. नाव विचारलं, तर तिनं नीट सांगितलं, चिडूनच. वार मात्र सांगता येईना. कुणीतरी पाणी आणलं. मी सरांना म्हणालो, "दवाखान्यात न्यायला हवं. मी मुलीला फोन करतो."

"कोणाच्या मुलीला?" तिनं विचारलं.

मी फोन खिशात ठेवून दिला.

सरांनी गाडी काढली. गोत्रीकडे एक मोठं हॉस्पिटल आहे, तिकडे निघालो. आम्ही दोघं मागे. रविवार असल्यामुळे रस्त्यावर फारशी गर्दी नव्हती, तरी मला प्रत्येक सिग्नल लांबलचक वाटत होता. ती खिडकीतून बघत होती. इमारती, पूल, दुकानांच्या पाट्या, सगळ्याकडे परगावच्या माणसासारखं. दर दोन-तीन मिनिटांनी मान वळवून तेच विचारायची, अगदी त्याच सुरात. "काय झालं मला? आपण कुठे निघालोय?" मी सांगायचो. ती मान डोलवायची. आणि थोड्या वेळानं पुन्हा, "काय झालं मला?"

पाचव्यांदा की सहाव्यांदा तिनं हे विचारलं आणि त्याला जोडून म्हणाली, "बरं, लखनौचं पत्र आलं का?"

मी म्हणालो, "कुठलं पत्र?"

"असं काय करता? लखनौचं हो. एव्हाना यायला हवं होतं."

खरं सांगतो, तोवर मला तिच्या मेंदूची भीती वाटत होती. रक्तस्राव असेल, लकवा असेल, ती जाईल, राहील, असलं काय काय. त्या एका प्रश्नानं ती सगळी भीती बाजूला सारली आणि दुसरीच एक वर आली. ही भीती जुनी होती. बायको अशा अवस्थेत शेजारी बसलेली असताना मी स्वतःसाठी घाबरलो, याची मला आजही लाज वाटते.

ते पत्र आलं होतं. एकोणतीस वर्षांपूर्वी.

आमच्या लग्नाला तेव्हा एक वर्ष झालं होतं. ती पंचवीस वर्षांची. पोथ्यांच्या एका संग्रहात ती तात्पुरत्या कामावर होती आणि जुने, कुजके कागद दुरुस्त करायची विद्या शिकायची तिची फार इच्छा होती. लखनौला तसा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, राहायची सोय आणि शिष्यवृत्ती धरून. तिनं अर्ज केला, मुलाखत देऊन आली. मी तिच्याबरोबर गेलो होतो. परतीच्या गाडीत ती इतकी बोलत होती की समोरच्या बाकावरच्या बाई हसायला लागल्या.

पत्र आलं त्या दिवशी मी दुपारच्या पाळीला निघालो होतो. पोस्टमन फाटकातच भेटला. पाकीट ओळखीचं होतं. मी ते तिथेच उघडलं. निवड झाली होती. महिनाअखेरीपर्यंत रुजू व्हायचं होतं. परत वर जाऊन तिला हाक मारायला दोन जिने चढायचे होते. मी ते पाकीट स्कूटरच्या डिकीत टाकलं आणि कामावर गेलो.

संध्याकाळी देऊ, असं मनात होतं. मग उद्या, मग रविवारी. दोन वर्षं ती तिकडे राहणार, तिच्यासारख्या शिकलेल्या माणसांत. आणि मग कारेलीबागेतल्या या दोन खोल्यांत, ॲसिडचा वास मारणाऱ्या माझ्यासारख्या माणसाकडे परत कशाला येईल? एवढाच विचार होता. ती रोज विचारायची, "पत्र आलं का?" मी "नाही" म्हणायचो. महिना उलटल्यावर एकदा खंडेराव मार्केटमध्ये भाजी घ्यायला गेलो असताना मी ते पाकीट फाडून सडक्या कोबीच्या ढिगात टाकलं. पुढे तिचं विचारणं कमी झालं, मग थांबलं. तिनं शाळेत नोकरी धरली. कधी तक्रार केली नाही, आणि त्याचीच मला पुढची सगळी वर्षं भीती वाटत राहिली.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर मुलगी होती. तिनं हातापायांवर हातोडी मारून पाहिली, डोळ्यांत बॅटरीचा उजेड टाकला, प्रश्न विचारले. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, "काका, गभराशो नहीं. लकवो नथी लागतो." मग हिंदी-गुजरातीत तिनं समजावलं. असं काही माणसांना क्वचित होतं. मेंदूचा आठवणी साठवणारा भाग काही तास बंद पडतो. नवीन काही टिकत नाही, आणि मागचंही काही पुसल्यासारखं होतं. इतक्या मागे सहसा कुणी जात नाही, पण तसंही कधी कधी होतं. जड काही उचललं होतं का, असं तिनं विचारलं. मी पलंगाचं सांगितलं. बहुतेक संध्याकाळपर्यंत सगळं आपोआप ठीक होईल; तरी एमआरआय काढू, दुसरं काही नाही ना ते बघायला हवं.

"आणि हे तास? ते तिला नंतर आठवतील?"

"ना, काका. ए तो गया."

आम्हाला एमआरआयसाठी बाहेर बसवलं. सर औषधाच्या खिडकीकडे रांगेत होते. बाकावर आम्ही दोघंच. ती माझ्या हातात हात देऊन बसली होती. म्हणाली, "काय झालं मला?" मी सांगितलं. म्हणाली, "लखनौचं पत्र आलं का?"

तोवर मी प्रत्येक वेळी "नाही अजून" म्हणत होतो. एकोणतीस वर्षांपूर्वी म्हणायचो तसंच, त्याच सुरात. या वेळी काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "आलं."

"आलं? काय लिहिलंय?"

"निवड झाली."

तिचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येणार नाही. चोपन्न वर्षांच्या त्या सुरकुत्यांखालून एक मुलगी बाहेर आली. तिनं तोंडावर दोन्ही हात ठेवले. मग खाली वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं म्हणाली, "खरंच? अहो, खरंच?" आणि लगेच बेत सुरू झाले. तुमच्या आईंना मी सांगते, तुम्ही मध्ये पडू नका. दिवाळीत तुम्ही तिकडे या. दोनच तर वर्षं. तिकडे थंडी फार, एक जाड स्वेटर घ्यायला हवा. "तुम्हाला बरं वाटलं ना?" तिनं मध्येच विचारलं. "तुमच्या तोंडावर दिसत नाहीये."

"वाटलं ना," मी म्हणालो.

मग तिच्या डोळ्यांतलं ते सगळं हळूहळू विझलं. तिनं भिंतीकडे पाहिलं. "काय झालं मला?" ती म्हणाली.

पुढच्या खेपेलाही मी तेच सांगितलं. ती पुन्हा तशीच, तितकीच आनंदली. स्वेटरसकट. मला ते बघायचं होतं, आणि बघवतही नव्हतं. मी तिला तो आनंद देत नव्हतो, चोरून बघत होतो, हे कळायला मला तेवढ्या दोन खेपा लागल्या.

तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "पत्र आलं होतं. निवड झाली होती. मी ते तुला दिलं नाही. फाडून टाकलं."

तिनं माझ्या हातातला हात काढून घेतला. थोडी बाजूला सरकली आणि माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं ओरडेल, रडेल. ती अगदी हळू बोलली.

"का?"

"भीती वाटली. तू परत येणार नाहीस अशी."

"मग मला विचारायचं तरी," ती म्हणाली. "मी सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

ती समोरच्या दाराकडे बघत बसली. मी मनात मोजत होतो. किती वेळ हे राहील, किती वेळ ती अशी माझ्यापासून दूर बसेल. आणि मी काय इच्छित होतो तेही सांगून टाकतो. तिनं लवकर विसरावं असं मला वाटत होतं.

ती विसरली. तिचा हात आपोआप परत आला, माझ्या मनगटावर विसावला. "अहो," ती म्हणाली, "काय झालं मला? आणि तुम्ही का रडताय?"

हवं ते इतक्या लगेच मिळालं, आणि इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. त्यानंतर तिनं पत्राचं विचारलं की मी नुसतीच मान हलवायचो.

मुलीला फोन केला तेव्हा तीही घाबरून गेली. "आईला फोन द्या बाबा, प्लीज. मला फक्त तिचा आवाज ऐकू दे." मी दिला नाही. म्हणालो, आत तपासणी चाललीय. तिच्या आईला ती अजून झालेलीच नव्हती, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार?

एमआरआय ठीक आला. पाच वाजता खाटेवर पडल्या पडल्या तिनं डोळे उघडले, आणि म्हणाली, "तालीम संपली? सर रागावले नाहीत ना?" मग फोन मागून घेतला आणि मुलीला म्हणाली, "जेवलीस का गं?" मी बाहेर जाऊन जिन्याच्या पायरीवर बसलो. पलंग उचलल्यापुढचं तिला काहीच आठवत नव्हतं. ते सहा तास आता फक्त माझ्याजवळ होते.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली, चार दिवस राहून गेली. पुन्हा असं सहसा होत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. पण आमच्या घरात भीती राहायलाच आली. बायको सकाळी उठल्या उठल्या वार, तारीख, मुलीचा फोन नंबर मोठ्यानं म्हणायची. उशाशी एक वही ठेवायला लागली. दूध किती घेतलं, कोण आलं, काय बोललं, सगळं लिहायची. दुपारी मध्येच विचारायची, "मी हे तुम्हाला मघाशी विचारलं का?" मी "नाही गं" म्हणालो तरी वही बघून खात्री करायची. आणि एक प्रश्न ती रोज विचारायची.

"मी त्या वेळी काय काय बोलत होते?"

"काही नाही. कुठे आहोत, काय झालं, हेच."

"बाकी काही नाही? सहा तास?"

"नाही."

मी माझी समजूत घातली होती की डॉक्टरनं ताण देऊ नका सांगितलंय. खरं तर तसं ती डॉक्टर काही म्हणाली नव्हती. एका दुपारी ती वही उघडून बसली होती. त्या रविवारचं पान तिनं कोरं सोडलं होतं, वर फक्त तारीख. "आपलंच आयुष्य, आणि आपल्यालाच माहीत नाही, हे फार वाईट हो," ती म्हणाली. "कुणीतरी खोलीचं दार लावून घेतल्यासारखं." मी आत जाऊन उगाच चहा ठेवला. गॅससमोर उभा असताना मला कळलं की मी तिचं दुसरं पत्र दाबून बसलोय.

तरी आठ दिवस गेले. मग एका मंगळवारी दुपारी आम्ही सुरती पापडी सोलत बसलो होतो. उंधियूचा बेत होता. मधे वर्तमानपत्रावर पापडीचा ढीग. मी सांगायला सुरुवात केली. पत्रापासून. फाटक, पोस्टमन, डिकी, खंडेराव मार्केट. मग हॉस्पिटलचं बाकडं. मी एकदाही वर पाहिलं नाही. माझा आवाज मलाच दुसऱ्याचा वाटत होता.

ती दाणे काढत राहिली.

"तुम्ही सांगितल्यावर मी तिथे काय म्हणाले?" तिनं विचारलं.

"मला विचारायचं तरी, म्हणालीस."

"बरोबर म्हणाले."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "आणि निवड झाली असं सांगितलंत तेव्हा?"

मी तेही सांगितलं. हात तोंडावर ठेवले ते, दिवाळीचं, स्वेटरचं. तेव्हा तिचे हात थांबले. तिनं वर पाहिलं आणि त्या वेळी मला ती खरोखर परकी वाटली.

"म्हणजे तुम्ही मला तसं आनंदात दोनदा पाहिलंत," ती म्हणाली. "आणि मी एकदाही नाही."

तिनं पापडीचं ताट उचललं, ओट्यावर ठेवलं. उंधियू केलं, मला वाढलं, स्वतः जेवली नाही. त्यानंतर सोळा दिवस ती कामापुरतं बोलत होती. "गॅस आलाय." "गोळी घेतली का?" त्या सोळा दिवसांत मी घरात चोरासारखा वावरलो. रोज सकाळी ती उठून बसली की मला वाटायचं, ती आज बॅग भरेल, किंवा आज तिला पुन्हा तसं होईल. यातलं जास्त भयंकर काय, ते मला ठरवता येत नव्हतं.

सतराव्या दिवशी ती म्हणाली, "सरांना कळवा, मी नाटकात नाही. त्यांनी दुसरी कुणी बघावी. तुम्ही करायचं तर करा." मीही नाही म्हणून सांगितलं. सरांनी ते दुसऱ्या जोडप्याला घेऊन केलं. छान झालं म्हणतात. आम्ही गेलो नाही.

मग तिनं बॅग भरली. बंगळुरात मुलीकडे दोन महिने राहिली. मुलीला तिनं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मुलगी माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते, एवढं खरं. मी स्टेशनवर सोडायला गेलो तेव्हा "परत कधी येशील" हे माझ्या ओठांवर होतं. पण कधी नाही ते मला वाटलं, की हा प्रश्न विचारायचा हक्क आपण घालवून बसलोय. गाडी सुटताना तिनंच खिडकीतून सांगितलं, "कुंडीतल्या तुळशीला पाणी घाला," आणि मी त्या वाक्याला दोन महिने धरून बसलो.

ती आली. का आली ते तिनं सांगितलं नाही. पहिल्या आठवड्यात चौकशी करून तिनं गावातल्या एका जुन्या मठाच्या पोथ्यांचं काम मिळवलं. पोथ्या साफ करायच्या, किडीपासून वाचवायच्या. आठवड्यातून तीन सकाळी ती रिक्षानं जाते. चोपन्नाव्या वर्षी हात पूर्वीसारखा स्थिर राहत नाही, म्हणते; फाटक्या कडेला पातळ कागद चिकटवताना श्वास रोखावा लागतो. पत्राबद्दल आम्ही पुन्हा बोललो ते एकदाच. मी म्हणालो, "माफ केलंस का?" ती म्हणाली, "रोज थोडं करते. काही दिवशी नाही होत." जे असेल ते तिनं मला सांगून टाकलं, याचंच मला बरं वाटलं.

आता ती पुण्याला आहे. कागद-दुरुस्तीचा पंधरा दिवसांचा वर्ग आहे, बाकीची सगळी मुलं मुलीच्या वयाची. पत्ता, वेळापत्रक, सोबतच्या बाईंचा नंबर, सगळं तिनं फ्रिजवर लावून ठेवलंय; तिथे पुन्हा तसं झालंच तर म्हणून. संध्याकाळी साडेसातला तिचा फोन येतो. काल वेळेवर आला नाही. सात चाळीस झाले, सात पन्नास झाले. मला ती कुठल्यातरी अनोळखी रस्त्यावर उभी दिसायला लागली, येणाऱ्या-जाणाऱ्याला "मी इथे कशी आले?" असं विचारताना. सोबतच्या बाईंना फोन लावला, तो लागेना. आठला पाच कमी असताना फोन वाजला.

"कागद पाण्यात होता," ती म्हणाली. "हात सोडवता येईना. घाबरलात?"

आयुष्यभर मी या प्रश्नाला "छे गं" म्हणत आलो होतो.

"हो," मी म्हणालो. "फार. मला तुझी रोजच भीती वाटते. तू विसरशील याची, आणि विसरणार नाहीस याचीही."

पलीकडे नळाचा आवाज येत होता. तिनं तो बंद केला.

"वाटू दे," ती म्हणाली. मग म्हणाली, "सोसायटीच्या ग्रुपवर आलंय, उद्या दिवसभर पाणी नाही. तुम्ही वाचलं नसणार. टाकी भरून ठेवा."

मी उठलो आणि मोटर लावली.